सत्तावीसचे अकरा

१

चाचणी कार्यालयात तक्रार घेऊन येणारे पालक दारातूनच आवाज चढवतात, नाहीतर खुर्चीत बसल्या बसल्या रडकुंडीला येतात. त्या दिवशी आलेला वेल्डर यातलं काहीच करत नव्हता. त्याने मुलीचा निकालाचा कागद टेबलावर ठेवला, त्याची घडी तळहाताने सपाट केली आणि म्हणाला, "मॅडम, हा आकडा आमच्या मोठीचा नाही."

आकडा होता अकरा. चाळीसपैकी.

हे वाक्य तपासनीस बाईंनी तीस वर्षांच्या नोकरीत शेकडो वेळा ऐकलं होतं. प्रत्येक बापाला आपलं पोर हुशारच वाटतं. पण बाईंचा शिरस्ता असा की उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय कुणालाही परत पाठवायचं नाही.

"शाळेत विचारलंत?"

"चारदा गेलो. हेडसर म्हणतात, मशीनने तपासलंय, मशीन खोटं बोलत नाही. आणि आता तर या कागदावरून तिला तिकडे धाडलंय. आधार शाळेत. सहा आठवडे झाले." त्याने खिशातून दुसरा कागद काढला. कार्यालयाचंच परिपत्रक होतं. पायाभूत चाचणीत पंधराच्या खाली गुण असलेल्या मुलांना तीन वर्षांसाठी आधार शाळेत पाठवावं, असा मजकूर. खाली तीन सह्या.

बाईंनी परिपत्रकाची घडी जरा घाईनेच घातली आणि त्याच्या हातात परत दिलं.

"तिकडे काय शिकवतात माहितीये? बेरजा. तिच्या धाकट्या बहिणीला येतात त्या. पहिला आठवडा ती रडली. आता रडत नाही. आता म्हणते, बाबा, मला येतच नसेल." वेल्डरने परिपत्रक खिशात घातलं. "हे मला चालणार नाही, मॅडम."

बाईंनी कपाटातून गठ्ठा मागवला आणि मुलीची उत्तरपत्रिका काढली. चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे चार गोल, त्यातला एक पेन्सिलने काळा करायचा. वरवर सगळं ठीक होतं. पण बाईंनी कागद खिडकीपाशी नेला, उजेडात तिरपा धरला आणि डोळ्याला भिंग लावलं.

खोडलेल्या गोलाच्या जागी पेन्सिलीचा दाब राहतो. रबर काळेपणा नेतो, खळगा नेत नाही. या कागदावर असे सोळा खळगे होते.

पोरं खोडतात, त्यात नवल नाही. चुकलेलं खोडतात आणि बरोबर करतात. पण इथे सोळाच्या सोळा वेळा बरोबर उत्तर खोडून चुकीचा गोल काळा केलेला होता.

अकरा अधिक सोळा. सत्तावीस.

"तुमच्या मोठीचं कुणाशी वाकडं आहे का हो?" बाईंनी विचारलं.

"दहा वर्षांची पोर आहे ती," वेल्डर म्हणाला. "तिच्याशी कोण वाकडं धरणार?"

२

वेल्डरला वाटेला लावून बाईंनी त्या वर्गाच्या सगळ्या तीस उत्तरपत्रिका टेबलावर मांडल्या. दुपारचं जेवण तसंच राहिलं. एकेक कागद तिरपा धरायचा, खळगे मोजायचे, वहीत लिहायचं.

चार वाजता त्यांनी भिंग खाली ठेवलं. मुलीशी कुणाचंच वाकडं नव्हतं. एकवीस मुलांच्या उत्तरपत्रिका बदललेल्या होत्या. एकूण तीनशे अकरा उत्तरं. बाकीच्या पालकांनी तक्रार केली नव्हती, एवढंच. निकालाच्या कागदाशी कोण भांडणार?

आता असं पाहा. चाचणीत गुण वाढवणारे बाईंनी पुष्कळ पकडले होते. निवड चाचणी असली, पुढच्या शाळेत जागा मिळणार असली, की गुण वाढवायचा मोह होतोच. पण ही पायाभूत चाचणी. वर्षाच्या सुरुवातीला मुलं कुठे उभी आहेत ते पाहायचं, वर्षाच्या शेवटी तशीच चाचणी पुन्हा घ्यायची, आणि मधला फरक म्हणजे शाळेची प्रगती. हिच्यात गुण वाढवून कुणालाच काही मिळत नाही. कमी करून मात्र मिळतं. सुरुवात जितकी खाली, तितकी शेवटची उडी मोठी.

म्हणजे कारण कळलं. माणूस कळायचा होता.

शाळेची जुनी कागदपत्रं पाहिल्यावर माणसांची रांगच लागली. गेल्या वर्षी शाळेची प्रगती होती सरासरी तीन गुण. यंदा दहाच्या खाली राहिली तर शाळा बंद होऊन शेजारच्या मोठ्या शाळेत मिळवली जाणार होती. मग हेडसर हेडसर राहणार नव्हते. वर्गशिक्षिका कंत्राटावर होती आणि तिचं कंत्राटही याच आकड्यावर टांगलेलं. आणि क्लार्कचं काय?

बाईंनी न बदललेल्या नऊ उत्तरपत्रिका पुन्हा हातात घेतल्या. सगळ्यात वरच्या कागदावर छत्तीस गुण होते, एकही खळगा नाही. नाव वाचून त्यांनी शाळेच्या नोंदी उघडल्या.

ती मुलगी शाळेच्या क्लार्कची सख्खी पुतणी होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई शाळेत हजर झाल्या. एकमजली इमारत, लांब व्हरांडा, कोपऱ्यात गळका नळ आणि त्याखाली लावलेली बादली. हेडसर दारापर्यंत सामोरे आले. पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ.

"मॅडम, आमची कागदपत्रं चोख आहेत. पाकिटाचं सील तुमच्याच केंद्रावर फोडलं गेलं. तोवर कुणी हात लावलेला नाही."

खरं होतं ते. नोंदवहीत लिहिलेलं होतं: चाचणी बारा वाजता संपली, साडेबाराला पाकीट बंद, लाखेचं सील, वर हेडसर आणि वर्गशिक्षिका दोघांच्या सह्या. केंद्रावर सील शाबूत असल्याची पावतीही होती. आणि तीनशे अकरा गोल खोडून पुन्हा काळे करायला दोन तास तरी लागतात. अर्ध्या तासात ते कुणालाही शक्य नव्हतं.

मग हे झालं कधी?

बाईंनी आधी वर्गशिक्षिकेला गाठलं. तिशीची असेल नसेल. बोलताना सारखी खडूचे तुकडे एका रांगेत लावत होती.

"साडेबाराला पाकीट तुमच्या समोर बंद झालं?"

"हो."

"लाख कोणत्या रंगाची होती?"

खडू थांबले. "लाल... लालच असते ना?"

"यंदाची तपकिरी होती. आमच्याकडे लाल संपली होती."

वर्गशिक्षिकेचा चेहरा पडला. मग सगळं बाहेर आलं. तिचं लहान मूल पाळणाघरात होतं, आणि पाळणाघर साडेबाराला बंद होतं. उत्तरपत्रिका मोजून देऊन ती बारा वाजून दहा मिनिटांनीच निघाली होती. जाताना रिकाम्या पाकिटावर सही करून गेली. पुढे ते कधी भरलं, कधी बंद झालं, तिला ठाऊक नव्हतं.

"रिकाम्या पाकिटावर सही करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच विनंती केली. सर म्हणाले, जा, मूल वाट बघत असेल." तिने डोळे पुसले. "माझी नोकरी जाईल का?"

"ते मी ठरवत नाही. पाकीट त्या दिवशी होतं कुठे?"

"सरांच्या खोलीतल्या कपाटात. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर गेलं. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक सरांकडे." ती जरा घुटमळली. "दुसरी भाऊसाहेबांकडे."

शाळेत भाऊसाहेब म्हणत ते क्लार्कला.

४

"पुतणी माझी आहे, यात लपवायचं काय?" भाऊसाहेब उसळलेच. जाडजूड माणूस, टेबलावर फायलींचे मनोरे. "पोर हुशार आहे. छत्तीस मिळाले तिला. तो गुन्हा झाला का?"

"तिच्या डावीउजवीकडच्या मुलांची उत्तरं खोडली गेली, तिच्या एकाही उत्तराला हात लागला नाही. कपाटाची किल्ली तुमच्याकडे. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?"

भाऊसाहेबांनी रुमालाने मान पुसली. "अशी किती मुलं आहेत हात न लागलेली?"

"नऊ."

"नावं सांगा बघू."

बाईंनी वहीतून नऊ नावं वाचली. चौथ्या नावालाच भाऊसाहेब ऐकायचे थांबले. उठून त्यांनी एका मनोऱ्याच्या तळातून फाईल ओढून काढली आणि बाईंपुढे आपटली. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी आलेले अर्ज होते. मोजून नऊ.

"पुलाच्या कामावरच्या लोकांची पोरं ही. माझा भाऊही तिथलाच. सहामाहीला काम संपणार, सगळी कुटुंबं दुसऱ्या कामावर जाणार. वर्षाच्या शेवटच्या चाचणीला यांतलं एकही पोर इथे नसणार."

बाईंनी अर्जांवरच्या तारखा पाहिल्या. सगळे चाचणीच्या आधीचे. खोडणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं. जी मुलं शेवटच्या चाचणीला नसणार, त्यांचे गुण खाली आणून उपयोग काय?

"हे अर्ज आल्याचं वर्गशिक्षिकेला ठाऊक होतं?"

"छे! सर म्हणाले, तिला आत्ताच सांगू नका, निम्मी हुशार पोरं जाणार म्हणून हात गळून बसेल. अजूनही सांगितलेलं नाही. हे फक्त दोघांना माहीत." बोलता बोलता भाऊसाहेबांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. आवाज एकदम खाली गेला. "मला आणि सरांना."

"आणि किल्ल्याही तुम्हा दोघांकडेच," बाई म्हणाल्या.

५

दोघांतला एक. पण कोणता? रबराला बोटांचे ठसे राहत नाहीत, आणि काळा केलेला गोल कुणाचाही सारखाच दिसतो. बाई शाळेच्या रिकाम्या वर्गात आपली वही उघडून बसल्या आणि तीनशे अकरा खाडाखोडींच्या याद्या पहिल्यापासून वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांचं बोट एका आकड्यावर अडलं. खात्री करायला त्यांनी पिशवीतल्या उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या, सात ठिकाणी भिंग लावलं, आणि खुर्चीत मागे टेकून स्वतःशीच म्हणाल्या, "अस्सं."

दुपारी मधल्या सुट्टीत त्यांनी तिघांना त्या वर्गात बोलावलं. हेडसर, वर्गशिक्षिका, भाऊसाहेब. प्रत्येकाला एक बाक, एक पेन्सिल, एक कोरी उत्तरपत्रिका आणि त्याच चाचणीचं एक पान. प्रश्न एकवीस ते तीस.

"आमची परीक्षा?" हेडसर हसले.

"शाळेत दुसरं काय घेणार? चार मिनिटं आहेत."

"मॅडम, मला बाकात बसता येत नाही हो," भाऊसाहेब पोट आत ओढत म्हणाले. वर्गशिक्षिकेला तेवढ्यातही हसू फुटलं.

वर्गशिक्षिका प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत होती. भाऊसाहेब एका डोळ्याने हेडसरांच्या कागदाकडे बघायचा प्रयत्न करत होते. हेडसर मात्र निवांत होते. बाईंच्या लक्षात आलं की ते गोल नीट भरत नाहीयेत, आत नुसत्या तिरक्या रेघा मारतायत. वीस वर्षं मुलांना गोल पूर्ण काळा करायला शिकवणारा माणूस!

बाईंनी कागद गोळा केले आणि तिथेच उभ्या राहून पाहिले. बाकीच्या दोघांना बाहेर जायला सांगितलं.

"हेडसर, तुम्ही बसा."

६

"गोल भरायची पद्धत ताडून पाहताय ना?" हेडसर म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "पाहा खुशाल. जुळणार नाही."

"गोल कसे भरले ते मी पाहिलंच नाही. उत्तरं पाहिली. तेविसावा प्रश्न वाचता का?"

हेडसरांनी चष्मा लावला. "बारा मीटर लांबीच्या पाइपाचे दोन-दोन मीटरचे तुकडे करायचे आहेत. पाइप किती वेळा कापावा लागेल? सहा. यात काय?"

"पाच," बाई म्हणाल्या. "पाच वेळा कापलं की सहा तुकडे होतात. घाईत माणूस भागाकार करतो आणि सहा म्हणतो. वर्गशिक्षिकेने पाच लिहिलंय. भाऊसाहेबांनीही पाच."

हेडसर कागदावर बोटाने तुकडे मोजू लागले.

"उत्तरसूची आम्ही शाळांना देत नाही. ज्याने हे केलं त्याने पेपर स्वतःच सोडवला असणार, आणि त्या उत्तरांवरून मुलांची बरोबर उत्तरं शोधून खोडली असणार. तीनशे अकरापैकी तीनशे चार ठिकाणी बरोबर उत्तर खोडून चुकीचं केलंय. उरलेल्या सात ठिकाणी मुळातच चुकीचं असलेलं उत्तर खोडून दुसरं चुकीचं केलंय. ती सातही ठिकाणं याच प्रश्नाची. मुलांनी सहा लिहिलं होतं. आणि ज्या आठ मुलांनी पाच लिहिलं, त्यांच्या या उत्तराला हातही लावलेला नाही. खोडणाऱ्याला सहा बरोबर वाटत होतं, सर."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही. त्याला कोणती नऊ मुलं जाणार तेही माहीत होतं, म्हणजे वर्गशिक्षिका सुटली. त्याच्याकडे कपाटाची किल्ली होती. राहिले दोघे, आणि त्यातल्या एकाने आज माझ्यासमोर सहा लिहिलं."

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. व्हरांड्यातून पोरं धावत गेली. हेडसरांनी उठून वर्गाचं दार लोटलं.

"त्या दुपारी पोरं घरी गेल्यावर दार लावून बसलो," ते म्हणाले. "ती मुलांची परीक्षा नव्हतीच, मॅडम. शाळेची होती. या आकड्यावरून कुठल्याच मुलाचं काही ठरत नव्हतं. शाळा वाचली असती, मुलं शेवटच्या चाचणीत आपसूक वर आली असती. कुणाचं काय गेलं असतं? जी जाणार होती ती आपला आकडा पुढच्या शाळेत घेऊन जाणार होती, म्हणून त्यांना हात लावला नाही."

बाईंना वाटलं होतं, नऊ मुलं निरुपयोगी म्हणून सुटली. ती अशी सुटली होती तर.

"आणि मग परिपत्रक आलं," त्या म्हणाल्या.

"अकराव्या दिवशी. पंधराच्या खालची मुलं आधार शाळेत. आमची सहा निघाली." हेडसरांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मोजपट्टी म्हणून घेतलेल्या चाचणीची चाळणी कुणी केली, मॅडम? मी नाही केली. त्या परिपत्रकाखाली तीन सह्या आहेत. मधली कुणाची?"

बाईंनी हातातली वही मिटली.

"माझी," त्या म्हणाल्या.

समितीच्या बैठकीत तो विषय शेवटचा होता. नवी निवड चाचणी तयार करायला वर्ष लागलं असतं. हातात पायाभूतचे आकडे होतेच. कुणीतरी म्हणालं, हेच वापरू. ही चाचणी त्यासाठी बनवलेली नाही, हे बाईंना तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. चाचणीचे प्रश्न निवडणाऱ्यांतच त्या होत्या. तरी त्यांनी सही केली, कारण सगळेच उठायच्या तयारीत होते.

"माझं मी बघेन," त्या म्हणाल्या. "पण सर, परिपत्रक आलं त्या दिवशी ती सहा नावं तुमच्यासमोर होती. तो वेल्डर तुमच्या दारात चारदा आला. तेव्हा तुम्ही बोलू शकला असता."

हेडसरांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला.

७

बाईंनी अहवालात दोन परिच्छेद लिहिले. पहिला हेडसरांविषयी. दुसऱ्यात लिहिलं की मोजमापाच्या चाचणीवरून मुलांची वाटणी करणं मुळातच चूक होतं, आणि त्या निर्णयावर खाली सही करणारीचीही सही आहे.

वरिष्ठांनी फोन केला. "पहिला परिच्छेद उत्तम आहे. दुसरा कशाला?"

"दुसरा काढला तर पहिलाही परत घेते."

"बाई, तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय."

"हो, माहीत आहे मला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अहवाल दोन्ही परिच्छेदांसह गेला. हेडसरांना घरी बसवलं. शाळेचं काय करायचं त्यावर अजून बैठका चालू आहेत. पंधराची अट स्थगित झाली, आणि खळग्यांवरून जुळवलेले खरे गुण धरून सहाही मुलांना परत बोलावलं.

सोमवारी बाई वेल्डरच्या मुलीला भेटायला मुद्दाम शाळेत गेल्या. वर्गशिक्षिकेने तिला व्हरांड्यात आणलं. वेल्डर मागे उभा होता, कामाच्या कपड्यांतच. मुलगी किडकिडीत होती. खाली मान घालून उभी राहिली.

"तुला अकरा नव्हते मिळाले. सत्तावीस मिळाले होते," बाई म्हणाल्या. "कुणीतरी तुझी उत्तरं खोडली होती."

मुलीने बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"म्हणजे मला येत होतं?"

"येत होतं."

ती हसली नाही. "मला दाखवा," म्हणाली.

बाईंनी पिशवीतून उत्तरपत्रिका काढली, व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात तिरपी धरली आणि भिंग तिच्या हातात दिलं. मुलगी टाचा उंचावून वाकली. एकेक खळगा शोधत, बोट ठेवत, पुटपुटत ती खाली सरकली. "हे माझं. हेही माझं." सोळाही झाले, तरी ती थांबली नाही. न खोडलेल्या गोलांवरूनही तिचं बोट फिरत राहिलं. एकतिसाव्या प्रश्नाशी ते अडलं. तिने भिंग जवळ नेलं, लांब नेलं, कागद आणखी तिरपा करायला लावला. तिथे खळगा नव्हता.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"हो."

"हे कुणी खोडलेलं नाही."

"नाही."

"मग ही चूक माझीच," मुलगी म्हणाली, आणि भिंग परत देत पहिल्यांदा ताठ उभी राहिली. "बाई, हे गणित मला शिकवाल?"